ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्ग यांचा मेळ घालणारा अभ्यासक्रम कसा आखावा

अभ्यासक्रमाचा काही भाग ऑनलाइन आणि काही भाग प्रत्यक्ष वर्गात शिकवायचा असे ठरले, की बहुतेक शिक्षकांच्या मनात पहिले प्रश्न साधनांचे येतात: व्हिडिओ किती करायचे, कोणती प्रणाली वापरायची, चाचणी कुठे घ्यायची. हे प्रश्न टाळता येत नाहीत. पण सुरुवात त्यांच्यापासून केली, तर आखणी हमखास भरकटते. विद्यार्थी आणि शिक्षक एका खोलीत एकत्र येण्याचे तास आता कमी होणार असतात, म्हणून उरलेल्या तासांत काय घडले पाहिजे, हे सर्वांत आधी ठरवावे लागते. ते ठरले, की ऑनलाइन भागात काय असावे याचा निम्म्याहून अधिक निर्णय झालेला असतो.

या लेखात ज्या रचनेविषयी सांगितले आहे, तीत नेहमीच्या तासिकांपैकी काही तासिका कमी करून त्यांच्या जागी नियोजित ऑनलाइन काम दिले जाते आणि दोन्ही भाग एकमेकांवर अवलंबून ठेवले जातात. सगळ्या तासिका पूर्वीप्रमाणेच घेऊन सोबत टिपणे आणि चित्रफिती उपलब्ध करून देणे ही चांगली सोय असली, तरी तिच्यासाठी वेगळ्या आखणीची फारशी गरज पडत नाही. काही विद्यार्थी वर्गात आणि काही त्याच वेळी पडद्यावर, ही आणखी निराळी रचना आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातील ब्रायन बीटी यांनी २००६च्या सुमारास विकसित केलेल्या ‘हायफ्लेक्स’ पद्धतीत विद्यार्थ्याला उपस्थितीचा प्रकार स्वतः निवडता येतो. तिच्यासाठी खोलीतील ध्वनियंत्रणेपासून मदतनिसापर्यंत स्वतंत्र तयारी लागते आणि एकट्या शिक्षकाने ती अंगावर घेऊ नये, असे माझे मत आहे.

समोरासमोरचे तास कशासाठी

अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पाहिले, तेव्हा निव्वळ प्रत्यक्ष शिकवणीपेक्षा मिश्र पद्धतीत विद्यार्थ्यांची कामगिरी काहीशी सरस आढळली. हा निष्कर्ष वारंवार सांगितला जातो. मात्र त्याच अहवालातील इशारा सहसा सांगितला जात नाही. मिश्र पद्धतीने शिकणाऱ्यांना पुष्कळदा अभ्यासाला जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालेले होते, त्यामुळे फायद्याचे श्रेय माध्यमाला देता येत नाही, असे अहवालकर्त्यांनी स्वतःच नोंदवले होते. आखणी करणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट अशी, की वर्ग ऑनलाइन नेल्याने आपोआप काहीही सुधारत नाही. विद्यार्थ्याचा वेळ कोणत्या कामात जातो, त्यावर सारे अवलंबून असते.

कोणते काम कुठे ठेवावे, हे ठरवण्यासाठी मी प्रत्येक कामाला एकच प्रश्न लावून पाहण्याची शिफारस करतो: हे करताना विद्यार्थी अडला, तर त्याला किती वेळात मदत मिळायला हवी? मदत त्याच क्षणी मिळाली नाही तर चुकीची समजूत पक्की होणार असेल, हाताला चुकीचे वळण लागणार असेल किंवा काम तिथेच थांबणार असेल, तर ते काम वर्गात हवे. उपकरण हाताळण्याचा सराव, नव्या प्रकारच्या उदाहरणाची पहिली उकल, परस्परविरोधी पुराव्यांवरचा वाद, गटाने करायच्या मोठ्या कामाची सुरुवात, ही सारी कामे या प्रकारात येतात. उलट, उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले तरी चालेल किंवा विद्यार्थी थांबून, मागे जाऊन, पुन्हा पाहून स्वतःची अडचण स्वतःच सोडवू शकेल, असे काम ऑनलाइन भागात जावे. संकल्पनेची पहिली ओळख, प्रात्यक्षिकाचे चित्रण, व्याख्या आणि सूत्रांचा सराव, ज्याची उत्तरे प्रणाली स्वतः तपासू शकते असे स्वाध्याय, यांचा त्यात समावेश होतो.

चर्चा मात्र सरसकट वर्गासाठी राखून ठेवू नये. वर्गातील तोंडी चर्चेत चटकन बोलणारे चार-पाच जण पुढे येतात आणि विचार करून बोलणारे मागे राहतात. त्यांना लेखी चर्चेत, दोन दिवसांची मुदत असताना, अधिक चांगले मांडता येते. मतभेद उघड करायचे असतील तर वर्ग योग्य, आणि मुद्दा पुराव्यासह रचून मांडायचा असेल तर लेखी चर्चा योग्य, अशी विभागणी बहुतेक विषयांत लागू पडते.

हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपल्या वर्गाचा वेळ ज्या प्रकारे वापरला, त्याचा अभ्यास कोणत्याही विषयाच्या शिक्षकाने करावा. विद्यार्थी वाचन आधी करून येतात. वर्गात त्यांना एक संकल्पनात्मक प्रश्न दिला जातो आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे उत्तर नोंदवतो. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तर शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर द्यायला सांगितले जाते. त्याहून कमी बरोबर असतील तर संकल्पना पुन्हा समजावली जाते, आणि जास्त असतील तर थोडक्यात उलगडा करून पुढे जाता येते. या पद्धतीला महागडे साधन लागत नाही, हात वर करूनही ती चालते. लागते ती नेमक्या प्रश्नाची तयारी.

निष्पत्ती आधी, साहित्य नंतर

अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे चार ते सहा वाक्यांत लिहावे आणि प्रत्येक वाक्यात पाहता येईल अशी कृती असावी. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’ असे शब्द तपासता येत नाहीत. ‘दोन पर्यायांतून निवड करून तिचे समर्थन करील’ हे तपासता येते. मग प्रत्येक वाक्यासमोर ते साध्य झाल्याचा पुरावा कोणता आणि तो पुरावा देण्याइतका सराव विद्यार्थ्याला कुठे मिळेल, हे लिहावे. निष्पत्ती, अध्यापन आणि मूल्यमापन यांची सांगड घालण्याचा हा विचार जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये तपशीलवार मांडला. ज्या व्हिडिओला, वाचनाला किंवा चाचणीला या तक्त्यात जागा सापडत नाही, ते साहित्य कितीही आवडते असले, तरी बाजूला काढावे.

वेळेचा हिशेब

मिश्र अभ्यासक्रमाचा सर्वांत सामान्य दोष असा, की जुना अभ्यासक्रम जवळजवळ पूर्ण राहतो आणि त्यावर अर्धा नवा अभ्यासक्रम चढतो. शिक्षकाला वाटते की तासिका कमी झाल्या. विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र दीडपट काम येते आणि साधारण चौथ्या आठवड्यापासून तो कामे सोडू लागतो. हे टाळायचे असेल, तर मिनिटांचा हिशेब कागदावर मांडण्याला पर्याय नाही.

समजा, पूर्वी आठवड्याला दीड-दीड तासाच्या दोन तासिका होत्या आणि घरच्या अभ्यासासाठी तीन तास गृहीत धरलेले होते. म्हणजे विद्यार्थ्याचे आठवड्याचे एकूण सहा तास. आता एक तासिका उरली, तर तिचा दीड तास वजा जाता साडेचार तास, म्हणजे २७० मिनिटे शिल्लक राहतात. ऑनलाइन भाग आणि घरचा अभ्यास दोन्ही त्यातच बसले पाहिजेत. वीस मिनिटांचे व्हिडिओ दिले, तर थांबून, मागे नेऊन, टिपणे काढून पाहायला चाळीस मिनिटे धरावीत. वाचनाला साठ, चाचणीला वीस, लेखी चर्चेत एक मुद्दा मांडायला आणि दोघांना उत्तर द्यायला पंचेचाळीस, आणि लेखी स्वाध्यायाला नव्वद मिनिटे धरली, तर बेरीज २५५ होते. उरलेली पंधरा मिनिटे सूचना वाचण्यात, दुवा शोधण्यात आणि फाइल चढवण्यात जातात. या आठवड्यात आणखी एक छोटा लेख सुचवावा असे वाटले, तर आधी काय काढायचे हे सांगता आले पाहिजे.

शिक्षकाला स्वतःला एखाद्या स्वाध्यायाला जितका वेळ लागतो, त्याच्या किमान तिप्पट वेळ विद्यार्थ्यासाठी धरावा. शक्य असेल तर विषय नवा असलेल्या एखाद्या व्यक्तीला एक पूर्ण आठवड्याचे काम करायला देऊन घड्याळ लावून मोजावे. हा एक प्रयोग, आखणीच्या बैठकीत तासभर चाललेल्या अंदाजांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. प्रत्येक कामापुढे अपेक्षित वेळ लिहिण्याची सवयही लावून घ्यावी. विद्यार्थ्याला आपला दिवस आखता येतो आणि शिक्षकावर स्वतःच्या लिखाणाचा वचक राहतो.

एक आठवडा जवळून

आखणीचा कस आठवड्याच्या पातळीवर लागतो, म्हणून एका आठवड्याचे उदाहरण सविस्तर पाहू. विषय प्राथमिक संख्याशास्त्राचा, घटक सरासरी आणि मध्यक यांचा, वर्गात चाळीस विद्यार्थी आणि प्रत्यक्ष तासिका गुरुवारी सकाळी दहा वाजता, असे धरू.

सोमवारी साहित्य खुले होते. सहा मिनिटांच्या व्हिडिओत एकाच संख्यासंचावरून सरासरी आणि मध्यक काढून दाखवलेले असतात. त्यानंतर दोन पानांचे वाचन असते. मग विद्यार्थ्याने स्वतः निरीक्षण करून कोणत्याही एका रोजच्या कामाला लागलेल्या वेळेच्या दहा नोंदी करायच्या, दोन्ही मापे काढायची आणि ती सर्वांच्या सामाईक तक्त्यात भरायची. शेवटी तीन प्रश्नांची चाचणी असते. तिच्यातील दुसरा प्रश्न असा: ‘दहा जणांना पोहोचायला लागणाऱ्या वेळेची सरासरी ३० मिनिटे आहे, म्हणजे त्यांपैकी निम्म्या जणांना ३० मिनिटांहून अधिक वेळ लागतो. हे विधान नेहमी बरोबर ठरेल का, ते कारणासह लिहा.’ कारण लिहायला लावणे महत्त्वाचे, कारण केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ या उत्तरातून चुकीच्या समजुतीचे मूळ दिसत नाही.

या साऱ्याची मुदत बुधवारी दुपारी बारा वाजता संपते. मध्यरात्रीची मुदत ठेवली, तर उत्तरे वाचायला शिक्षकाच्या हातात वेळच उरत नाही, आणि न वाचलेल्या उत्तरांच्या पायावर गुरुवारचा तास उभा राहू शकत नाही. बुधवारी दुपारी शिक्षक पाऊण तास बसून कारणे वाचतो. निम्म्या वर्गाने सरासरी आणि मधली संख्या एकच मानली आहे असे दिसले, तर तासाची सुरुवात तिथूनच होते.

गुरुवारी वर्गात तोच प्रश्न कोणतेही स्पष्टीकरण न देता पुन्हा फळ्यावर येतो. प्रत्येक जण उत्तर नोंदवतो, तीन मिनिटे शेजाऱ्याशी बोलतो आणि पुन्हा उत्तर देतो. त्यानंतर शिक्षक दहा संख्या लिहितो: नऊ जणांना प्रत्येकी २० मिनिटे आणि दहाव्याला १२० मिनिटे. बेरीज ३००, सरासरी ३०. पण ३० मिनिटांहून अधिक वेळ लागणारा एकच जण, आणि मध्यक २०. यात पंधरा मिनिटे जातात. पुढची पंचेचाळीस मिनिटे चौघांचे गट सामाईक तक्त्यातील चारशे नोंदींमधून आपल्याला हव्या त्या निवडून त्यांविषयी एकच दावा एका वाक्यात लिहितात, त्यासाठी कोणते माप वापरले आणि का, हे नोंदवतात आणि कागद शेजारच्या गटाकडे देतात. शेजारच्या गटाचे काम तो दावा खोडून काढणे. उरलेल्या वेळात शिक्षक दोन-तीन दावे घेऊन बोलतो आणि पुढच्या कामाची सूचना देतो. रविवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या गटाचा दावा, आलेला आक्षेप लक्षात घेऊन, दीडशे शब्दांत नव्याने लिहून द्यायचा असतो. पुढच्या आठवड्याच्या चाचणीतील पहिला प्रश्न या लिखाणांतील एखाद्या वाक्यावर बेतलेला असतो.

सांधा निखळू देऊ नये

वरील उदाहरणात घरी गोळा केलेल्या नोंदींशिवाय वर्ग चालत नाही, आणि वर्गातील आक्षेपाशिवाय रविवारचे लेखन होत नाही. ही परस्परांची गरज प्रत्येक आठवड्यात असली पाहिजे. आराखडा तपासताना प्रत्येक ऑनलाइन कामासमोर ‘हे वर्गात कुठे वापरले जाईल’ आणि प्रत्येक तासिकेसमोर ‘यातून ऑनलाइन काय जाईल’ असे दोन रकाने ठेवावेत. रिकामा राहिलेला रकाना दुरुस्तीची जागा दाखवतो.

सांधा निखळण्याचे नेहमीचे कारण शिक्षकाच्या चांगुलपणात असते. काही विद्यार्थी तयारी न करता येतात, शिक्षकाला त्यांची अडचण दिसते आणि तो व्हिडिओतील भाग थोडक्यात पुन्हा सांगतो. ज्यांनी तयारी केली होती, त्यांना आपला वेळ वाया गेल्याचे कळते. दोन-तीन आठवड्यांत तेही तयारी करणे सोडतात, आणि अभ्यासक्रम जुन्या व्याख्यानावर परत येतो. तयारी न केलेल्यांना वर्गाच्या एका बाजूला वीस मिनिटे तयारी पूर्ण करायला बसवावे आणि मग गटात सामील करून घ्यावे. बाकीच्यांचे काम मात्र ठरल्याप्रमाणे सुरू करावे. पहिल्या दोन आठवड्यांत हे निश्चयाने पाळले, तर पुढे त्याची वेळ फारशी येत नाही. तयारीला थोडे गुण ठेवणेही योग्य, मात्र ते प्रयत्नासाठी असावेत. पहिल्याच ओळखीत उत्तर बरोबर आले पाहिजे अशी अट घातली, की विद्यार्थी एकमेकांची उत्तरे उतरवतात आणि बुधवारच्या त्या पाऊण तासात शिक्षकाला वाचायला खरे काहीच उरत नाही.

व्हिडिओ, वाचन आणि आठवणे

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी विद्यार्थी तो पाहण्यात घालवत असलेल्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. यावरून प्रत्येक व्हिडिओ सहा मिनिटांचाच असावा असा नियम करू नये, कारण पाहणे आणि शिकणे वेगळे. परंतु एका व्हिडिओत एकच मुद्दा घ्यावा, हा संकेत त्यातून जरूर घ्यावा. तासाभराचे व्याख्यान चित्रित करून त्याचे दहा तुकडे केल्याने हे साधत नाही. तुकड्याला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा प्रश्न लागतो.

चित्रणात ‘गेल्या सोमवारी’, ‘तिसऱ्या आठवड्यात’ असे उल्लेख टाळले, तर व्हिडिओ पुढच्या वर्षीही वापरता येतो. चित्र थोडे धूसर असले तर चालते, आवाज अस्पष्ट असेल तर चालत नाही. आणि जे इतरांनी चांगले तयार करून क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्याखाली दिलेले आहे, ते परवान्याच्या अटी वाचून खुशाल वापरावे. शिक्षकाचा वेळ प्रश्न रचण्यात गेला, तर तो अधिक सार्थकी लागतो.

प्रत्येक व्हिडिओ किंवा वाचनानंतर पुस्तक मिटून उत्तर द्यायचे दोन-तीन प्रश्न ठेवावेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत अधिक आठवले. पण आठवड्यानंतर, पुन्हा वाचण्याऐवजी आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे होते. ऑनलाइन भागाचे एक मोठे सामर्थ्य येथे आहे, कारण दोन आणि पाच आठवड्यांपूर्वीचे प्रश्न आजच्या चाचणीत मिसळणे प्रणालीला सहज जमते.

सर्वांपर्यंत पोहोचणे

अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्यांना छोटी प्रश्नावली द्यावी, आणि तिच्यात ‘तुमच्याकडे इंटरनेट आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. त्या प्रश्नाला जवळजवळ सगळे होकार देतात आणि त्यातून काहीच कळत नाही. उपकरण कोणाबरोबर वाटून घ्यावे लागते, ते दिवसाच्या कोणत्या वेळी हाती येते, डेटाची मर्यादा किती आहे, मोठ्या पडद्यावर काम करता येते की फोनवरच, शांत जागा मिळते का, हे विचारावे.

डेटाचा हिशेबही सोपा आहे. सेकंदाला १५०० किलोबिट या दराने साठवलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ११२ मेगाबाइटचा होतो. तोच ५०० किलोबिटवर साठवला, तर ३७.५ मेगाबाइटचा, आणि नुसता आवाज ६४ किलोबिटवर ठेवला, तर ४.८ मेगाबाइटचा. म्हणून प्रत्येक व्हिडिओची हलकी प्रत, ध्वनिफीत आणि लेखी संहिता उतरवून घेता येईल अशी ठेवावी. संहितेमुळे ऐकू न येणाऱ्यांची सोय होते, आणि शोध घेणे व उजळणी करणे सर्वांनाच सोपे जाते. पडद्यावरील नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील रंगभेदाचे गुणोत्तर किमान ४.५:१ असावे, हा वेबच्या सुगम्यतेचा सर्वमान्य निकष सादरीकरणांनाही लावावा. थेट ऑनलाइन सत्र घ्यायचेच असेल, तर ते हुकलेल्या विद्यार्थ्याला त्याच तोडीचे दुसरे काम करून भरपाई करता आली पाहिजे.

भेटी मोजक्याच असतील तर

काही अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष भेटी आठवड्याला नसून पूर्ण सत्रात चार-पाचच असतात. अशा वेळी त्या समान अंतराने वाटून टाकण्याचा मोह टाळावा. पहिली भेट सुरुवातीलाच हवी, आणि तिच्यात अभ्यासक्रमपत्रिका वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये. प्रत्येकाने आपल्याच उपकरणावरून प्रणालीत प्रवेश करणे, एक छोटी चाचणी देणे, एक फाइल चढवणे आणि आपल्या गटाशी पहिले काम करणे, एवढे तिथे पूर्ण झाले, तर पुढच्या महिन्यातील निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत. दुसरी भेट पहिल्या मोठ्या स्वाध्यायाच्या आधी, आणि पुढची, विद्यार्थी दरवर्षी जिथे अडतात त्या घटकाच्या मध्यावर ठेवावी. मध्यावर असे मुद्दाम म्हणतो. अडचण काय आहे हे कळण्याइतका प्रयत्न विद्यार्थ्याने करून झालेला असला, म्हणजे भेटीतील प्रत्येक मिनिट कामी येते.

भेटींमधील मोठ्या अंतरात शिक्षक दिसत राहिला पाहिजे. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये ऑनलाइन शिक्षणातील उपस्थितीचे तीन पैलू मांडले: बौद्धिक, सामाजिक आणि अध्यापनविषयक. तिसऱ्या पैलूसाठी दर आठवड्याला वर्गाच्या उत्तरांवर आधारित दहा ओळींचे पत्र पुरेसे असते. प्रत्येक प्रश्नाला तत्काळ उत्तर देण्याचे आश्वासन मात्र देऊ नये. प्रश्नांची उत्तरे कोणत्या दोन दिवशी दिली जातील, हे जाहीर करावे आणि ते काटेकोरपणे पाळावे.

मूल्यमापन

साप्ताहिक चाचण्यांना कमी गुण ठेवावेत, एकापेक्षा अधिक प्रयत्नांची मुभा द्यावी आणि त्यांच्याकडे सरावाचे साधन म्हणून पाहावे. मागितला तो मजकूर लिहून देणारी साधने आता हाताशी असताना, घरी लिहिलेल्या निबंधावरूनच मोठे गुण देणे न्याय्य राहिलेले नाही. त्यावर पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर हा उपाय मला पटत नाही, कारण ते प्रामाणिक विद्यार्थ्यालाही संशयित करते. मिश्र पद्धतीत त्याहून चांगला मार्ग उपलब्ध असतो: मसुदा आणि त्यावरील अभिप्राय ऑनलाइन, आणि अंतिम लिखाणावरील पाच मिनिटांची तोंडी विचारणा किंवा त्याच विषयाचा एक नवा, छोटा प्रश्न वर्गात. दोन्हींचे गुण एकत्र धरले, की घरच्या कामालाही वजन राहते आणि ते स्वतः केलेले असणे विद्यार्थ्याच्या हिताचे ठरते.

विद्यार्थ्यांना आधीच सांगावे अशी गोष्ट

वर्गात स्वतः झगडून शिकताना आपण कमी शिकत आहोत, असे विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे वाटते. लुई देस्लोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सक्रिय पद्धतीने शिकलेल्यांचे चाचणीतील गुण अधिक होते. पण आपण किती शिकलो, याविषयीची त्यांची भावना मात्र सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा कमी होती. पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट सांगावी आणि पहिल्या चाचणीनंतर पुन्हा सांगावी. ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात’ या तक्रारीकडे दुर्लक्ष केले, तर ती सत्राच्या मध्यापर्यंत विरोधाचे रूप घेते. वेळीच बोलले, तर बहुतेक विद्यार्थी समजून घेतात.

सुरू करण्यापूर्वी आणि सुरू असताना

पहिल्या तीन आठवड्यांचे साहित्य शेवटच्या दुव्यापर्यंत तयार असल्याशिवाय अभ्यासक्रम सुरू करू नये. उरलेल्या आठवड्यांचा मात्र सांगाडाच ठेवावा. सगळे आधी तयार करून ठेवलेला शिक्षक वर्गाची उत्तरे पाहूनही काही बदलत नाही, कारण केलेले काम टाकून देणे जिवावर येते. आठवड्याची रचना शेवटपर्यंत एकसारखी ठेवावी: साहित्य एकाच दिवशी खुले व्हावे, मुदत एकाच वेळी संपावी, सूचना एकाच ठिकाणी सापडाव्यात.

चौथ्या आठवड्यात तीनच प्रश्न विचारावेत: कोणत्या कामाने शिकायला मदत होते, कोणत्या कामाचा वर्गाशी संबंध दिसत नाही, आणि गेल्या आठवड्यात प्रत्यक्षात किती तास लागले. पुढच्याच तासाला उत्तरांचा गोषवारा आणि एक ठोस बदल जाहीर करावा. व्हिडिओ किती जणांनी उघडला, हे प्रणाली दाखवते. त्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण उघडलेला व्हिडिओ पाहिला गेला असेलच असे नाही. चाचणीत लिहिलेली कारणे त्याहून विश्वसनीय असतात.

प्रत्येक प्रत्यक्ष तासानंतर दोन ओळींची नोंद ठेवावी: ठरवलेले काम किती झाले, आणि शिक्षक स्वतः सलग किती वेळ बोलला. एखाद्या घटकाच्या तासात ठरवलेले काम मागे पडून पुन्हा समजावण्यातच वेळ गेल्याचे दिसले, तर पुढच्या खेपेस त्या स्पष्टीकरणाचा व्हिडिओ करावा, तयारीच्या चाचणीत त्यावर एक प्रश्न वाढवावा, तेवढ्या मिनिटांचे दुसरे काम त्या आठवड्यातून काढावे आणि मोकळी झालेली तासिका, अखेरच्या परीक्षेत ज्या निष्पत्तीवर सर्वाधिक विद्यार्थी अडले, तिच्या सरावाला द्यावी.